दातखीळ, कटकट आणि खर्रा : तोंड न उघडण्याचा इतिहास

‘डॉक्टरसाहेब, तोंडच उघडून नाही राहिलं.’ अमरावती-अकोल्याकडच्या दवाखान्यांत हे वाक्य नवीन नाही. कुणाला तोंड उघडताना कानापाशी ‘कट्’ असा आवाज येतो. कुणाचा जबडा सकाळी आखडलेला असतो. कुणाला भाकरीचा घास घेताना तोंड तिरकं करावं लागतं. यातले बरेच जण आधी कान तपासून आलेले असतात, काही जण दाढ काढून आलेले असतात, आणि दुखणं मात्र जागच्या जागी असतं.

तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे आजार वेगवेगळे असतात. कधी सांधा सरकलेला असतो. कधी चावण्याचे स्नायू आखडलेले असतात. कधी धनुर्वाताची सुरुवात असते. आणि कधी सांधा अगदी ठणठणीत असतो, पण गालाच्या आतलं अस्तर चामड्यासारखं कडक झालेलं असतं. हे आजार एकमेकांपासून वेगळे ओळखायला वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. त्या वाटेवर चुका झाल्या आणि त्या रुग्णांना भोगाव्या लागल्या. या शोधातला एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात पार पडला आणि त्याची गरज आज आपल्या वऱ्हाडाला फार आहे. म्हणून हा इतिहास थोडा सविस्तर सांगतो.

सांधा नेमका कसा आहे?

दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकताना जाणवतं तो जबड्याचा सांधा. डॉक्टर त्याला ‘टीएमजे’ म्हणतात. हे सांधे दोन असले तरी खालच्या जबड्याचं हाड एकच आहे. त्यामुळे एका बाजूला हलवून दुसऱ्या बाजूला विश्रांती देता येत नाही. एका सांध्यात बिघाड झाला की दुसऱ्यावर ताण येतोच.

या सांध्याची हालचाल दोन प्रकारची आहे. तोंड थोडं उघडताना तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. जास्त उघडताना टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये एक मऊ चकती असते आणि ती हाडाबरोबर पुढे-मागे जाते. ही चकती जागेवरून थोडी पुढे गेलेली असेल तर तोंड उघडताना हाड तिच्यावर उडी मारून चढतं. तीच ती ‘कट्’. हाड चढूच शकलं नाही तर तोंड अर्धवट उघडून अडकतं.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्यावर कसलाही उपचार लागत नाही. असा आवाज अनेक निरोगी माणसांच्या जबड्यात असतो.

अंगठ्यांची जुनी युक्ती

जबड्याचा सर्वांत जुना नोंदलेला त्रास म्हणजे निखळलेला जबडा. मोठी जांभई दिली, जोरात हसलं, की एखाद्याचा जबडा पुढे सरकून अडकतो. तोंड उघडं ते उघडंच राहतं. बोलता येत नाही, लाळ गळते आणि घरचे घाबरतात.

इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांच्या काळातली एक वैद्यकीय पोथी सापडली आहे. ती विकत घेणाऱ्याच्या नावावरून तिला एडविन स्मिथ पपायरस म्हणतात. तिच्यातला पंचविसावा रुग्ण असाच आहे. तोंड उघडं, मिटता येत नाही. उपाय असा सांगितला आहे की वैद्याने दोन्ही अंगठे तोंडात जबड्याच्या मागच्या टोकांवर ठेवावेत, बाकीची बोटं हनुवटीखाली धरावीत आणि जबडा मागे ढकलून जागेवर बसवावा.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधीच्या अध्यायात ‘हनुग्रह’ आहे. हनू म्हणजे जबडा. त्याचे दोन प्रकार चरकाने स्पष्ट वेगळे केले आहेत. एकात तोंड उघडं राहतं, दुसऱ्यात मिटलेलं राहतं. उघड्या तोंडाच्या रुग्णाला आधी शेक द्यावा, मग अंगठ्यांनी जबडा दाबून तर्जनींनी हनुवटी वर उचलावी, असं तिथं सांगितलं आहे. सुश्रुताने सांधा बसवल्यावर बांधायची खास पट्टीही सांगितली आहे. ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसच्या सांध्यांवरच्या ग्रंथातही जबडा बसवण्याची रीत आहे.

आजही निखळलेला जबडा आम्ही जवळपास असाच बसवतो. अंगठ्यांना जाड कापड गुंडाळतो, कारण जबडा झटकन बसला की बोटं चावली जातात. दुखणं आणि स्नायूंचा आकस कमी करायला गरजेप्रमाणे औषध देतो. हे काम घरी करू नका. चुकीच्या दिशेने जोर लावला तर हाड मोडू शकतं. तसाच दवाखाना गाठा. जितक्या लवकर याल तितका जबडा सहज बसतो.

चरकाच्या विभागणीतली उघड्या तोंडाची बाजू अशी फार पूर्वीच सुटली. अवघड राहिली ती मिटलेल्या तोंडाची बाजू.

धनुर्वाताची दातखीळ

मराठीत ‘दातखीळ बसली’ असं आपण सहज म्हणतो, भीतीने किंवा थंडीने. पण एकेकाळी गावात कुणाची खरोखर दातखीळ बसली तर त्याचा अर्थ बहुधा धनुर्वात असा होता. पायात काटा गेला, विळा लागला, जखमेवर शेण-माती बसली आणि काही दिवसांनी जबडा आवळायला लागला. पुढे मान, पाठ, सगळं शरीर धनुष्यासारखं वाकायचं. बाळंतिणी आणि नवजात बाळंही यात जायची, कारण नाळ कशाने कापायची आणि तिच्यावर काय लावायचं याची स्वच्छता नव्हती.

धनुर्वात जबड्यापासून सुरू होतो, पण तो सांध्याचा आजार नाही. १८८४ मध्ये इटलीतल्या कार्ले आणि रात्तोने यांनी तो एका प्राण्यातून दुसऱ्यात जातो हे दाखवलं. त्याच वर्षी जर्मनीत निकोलायर यांना मातीत त्याचे जंतू दिसले. १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने ते जंतू वेगळे काढले. पुढच्याच वर्षी त्याने बेरिंग यांच्याबरोबर त्या विषावरचा उतारा शोधला. प्रतिबंधक लस १९२० च्या दशकात आली. आपल्या देशात १९७८ मध्ये व्यापक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांमधल्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं.

तरीही धनुर्वात संपलेला नाही. मोठ्या माणसांनी, विशेषतः शेतात राबणाऱ्यांनी, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा. जखमेनंतर काही दिवसांत जबडा आवळत असेल तर सरळ मोठं रुग्णालय गाठा.

एक कानाचा डॉक्टर आणि दातांवर आलेला आळ

आता धनुर्वात नाही, मार नाही आणि तरी जबडा दुखतो, त्या रुग्णांकडे वळू. यांची संख्या सर्वांत जास्त.

१९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथले कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवर एक लेख लिहिला. कान दुखणं, कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी अशा यांच्या तक्रारी होत्या. कॉस्टेन यांचं म्हणणं असं, की दाढा पडल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, सांध्याचं हाड मागे दाबलं जातं आणि तिथल्या नसांवर दाब येतो. उपाय म्हणून दातांची उंची वाढवावी. या दुखण्याला ‘कॉस्टेन सिंड्रोम’ असं नाव पडलं.

कॉस्टेन यांचं एक निरीक्षण मोलाचं होतं. कानदुखीचं मूळ कानात नसून जबड्यात असू शकतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. पण कारण चुकलं होतं. पुढे शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवलं की कॉस्टेन म्हणतात तसा दाब त्या नसांवर येऊच शकत नाही. तोवर दातांवर आळ येऊन गेला होता. पुढची अनेक वर्षं जबडा दुखला की दात घासून बारीक करणं, त्यांच्यावर टोप्या बसवणं, सगळी चावण्याची ठेवण बदलणं हे उपाय सुरू राहिले. घासलेला दात परत येत नाही.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्त्झ यांनी लक्ष स्नायूंकडे वळवलं. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी हा विचार नीट मांडला. त्यांच्या मते या रुग्णांपैकी बहुतेकांमध्ये मूळ त्रास स्नायूंच्या थकव्याचा आणि आकसाचा असतो. रात्री दात खाणं, दिवसा नकळत दात आवळून धरणं आणि मनावरचा ताण यांमुळे तो होतो.

त्यांच्या गटाने १९७६ मध्ये एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध केला. २५ रुग्णांचे दात घासून सारखे केल्याचा नुसता आभास निर्माण केला, प्रत्यक्षात दाताला काहीच केलं नाही. तरी त्यातल्या १६ जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं. याचा अर्थ रुग्ण खोटं बोलत होते असा मुळीच नाही. दुखणं खरंच होतं. पण ते पुष्कळदा धीर मिळाल्याने, ताण उतरल्याने आणि काही काळ गेल्याने कमी होतं. असं असेल तर कायमचे बदल करणारा उपाय आधी का करायचा, हा प्रश्न या प्रयोगाने उभा केला.

शस्त्रक्रियेची घाई

स्नायूंचा विचार रुजत असतानाच चकतीचं महत्त्वही लक्षात येत होतं. सरकलेली चकती शिवून जागेवर बसवण्याची शस्त्रक्रिया एडिंबरोच्या थॉमस अनान्डेल यांनी १८८७ मध्येच नोंदवली होती. १९७० नंतर सांध्यात औषध भरून काढलेल्या एक्स-रे चित्रांत आणि पुढे एमआरआयमध्ये सरकलेली चकती दिसायला लागली. दिसायला लागली म्हणून ती दुरुस्तही करावीशी वाटू लागली.

१९८० च्या दशकात अमेरिकेत चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेली कृत्रिम चकती बसवण्याची लाट आली. जबड्यावर पडणारा चावण्याचा जोर त्या पदार्थाला झेपला नाही. त्याचा भुगा झाला आणि त्या भुग्याविरुद्ध शरीराने अशी प्रतिक्रिया दिली की आजूबाजूचं हाडच झिजून गेलं. १९९० च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि त्यानंतर त्या चकत्या परत मागवल्या गेल्या. तोवर हजारो रुग्णांच्या जबड्यात त्या बसल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या. कटकट आणि दुखणं घेऊन आलेल्या काहींना पुढे एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

या धक्क्यानंतर विचार बदलला. १९९१ मध्ये जेरुसलेमच्या डॉ. डोरिट निट्झान आणि सहकाऱ्यांनी अचानक अडकलेल्या सांध्यासाठी साधा उपाय मांडला. दोन सुया घालून सांधा सलाइनसारख्या द्रावणाने धुवायचा. एवढ्याने अनेकांचं तोंड उघडायला लागलं. १९९२ मध्ये निदानाचे नियम ठरले, २०१४ मध्ये ते सुधारले. त्यात सांध्याच्या तपासणीइतकंच रुग्णाच्या झोपेला, ताणाला आणि मनःस्थितीला स्थान मिळालं.

शस्त्रक्रिया मात्र वाईट नव्हे. लहान मूल हनुवटीवर पडलं किंवा त्याच्या कानाचा पू सांध्यात उतरला, तर काही वेळा सांध्याची दोन्ही हाडं जुळून एक होतात. मग तोंड उघडतच नाही आणि हनुवटीची वाढ खुंटते. अशा मुलाला शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही, आणि ती वेळेवर व्हावी लागते. झाडावरून किंवा गाडीवरून पडलेल्या मुलाची हनुवटी फाटली, टाके पडले, तरी पुढचे काही महिने त्याचं तोंड पूर्ण उघडतं का, हे आईवडिलांनी बघत राहावं.

मुंबईत पटलेली ओळख

आतापर्यंतचे आजार सांध्याचे आणि स्नायूंचे होते. आता गालाकडे येऊ.

१९५२ मध्ये लंडनला भरलेल्या दंतवैद्यक परिषदेत श्वार्त्झ नावाच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांची माहिती दिली. त्यांच्या तोंडाचं आतलं अस्तर पांढरट, कडक झालं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी हाच आजार भारतीय रुग्णांत वर्णन केला. त्यांनी त्याला दिलेल्या नावावरूनच आज आपण त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतो. म्हणजे तोंडाच्या नाजूक अस्तराखाली व्रणासारखे तंतू जमणं. जोशींच्या वर्णनाने ‘तोंड उघडत नाही’ या तक्रारीचं उत्तर सांध्याबाहेरही शोधावं लागेल, हे स्पष्ट झालं.

१९५६ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. पेमास्टर यांनी अशा रुग्णांत तोंडाचा कर्करोग होत असल्याचं नोंदवलं. तेव्हापासून हा नुसता आखडण्याचा आजार न राहता कर्करोगाच्या आधीची पायरी ठरला.

कारण शोधताना पहिला संशय गेला मिरचीवर. भारतीय माणूस तिखट खातो आणि या रुग्णांच्या तोंडाची आग होते, त्यामुळे तो साहजिक होता. १९६० मध्ये मुंबईत डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट घटक लावून प्रयोग केले. सिरसाट यांनी पुढे डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्याबरोबर १९६६ मध्ये या आजाराची जी व्याख्या केली ती आजही पुस्तकांत आहे. हळूहळू मिरचीवरचा संशय मावळला आणि पुरावा सुपारीकडे वळला. सुपारीतला अरेकोलाईन हा घटक तंतू तयार करणाऱ्या पेशींना उत्तेजन देतो. सुपारीतलीच तुरट द्रव्यं जमलेले तंतू विरघळू देत नाहीत. म्हणजे तयार होणं वाढतं आणि निचरा थांबतो. तिखटाने आग होते ती आजार झाल्यानंतर. आमच्या वऱ्हाडी ठेच्याची यातून सुटका झाली, सुपारीची नाही.

दुर्मीळ आजार घरोघरी कसा आला

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूतांचं तोंड तपासलं. हा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या माणसांत सबम्यूकस फायब्रोसिस फारच थोड्यांना आढळला होता. तेव्हाच्या ग्रामीण महाराष्ट्रात हा दुर्मीळ आजार होता.

२००७ मध्ये नागपूरचे डॉ. विनय हजारे आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या याच आजाराच्या तब्बल १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर स्त्रीमागे जवळपास पाच पुरुष होते. पुरुषांना हा आजार तिशीच्या आतच गाठत होता आणि त्यांच्यात खर्रा व गुटखा ठळक होता. स्त्रियांमध्ये नुसती सुपारी खाण्याची सवय जास्त होती.

मधल्या काळात बदलली ती सुपारी खाण्याची रीत. पूर्वी सुपारी पानातून, जेवणानंतर खाल्ली जायची. नंतर गुटख्याच्या पुड्या आल्या. स्वस्त, खिशात मावणाऱ्या, दिवसभर चालणाऱ्या. आणि आपल्याकडे खर्रा. फोडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. घोटल्यामुळे सुपारीचा रस लवकर सुटतो आणि तासन्‌तास एकाच जागी लागत राहतो.

२००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाचं कारण असल्याचं प्रसिद्ध केलं. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पण खर्रा कारखान्यात बनत नाही, तो पानठेल्यावर हाताने घोटला जातो. त्यामुळे ‘मी गुटखा नाही खात, फक्त खर्रा खातो’ आणि ‘तंबाखू नाही, फक्त मीठी सुपारी’ ही दोन्ही उत्तरं आम्हाला रोज ऐकायला मिळतात. तुमच्या गालाला हा फरक कळत नाही.

हा आजार कर्करोगात किती जणांचा बदलतो? केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर दीर्घकाळ नजर ठेवली गेली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यातल्या ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला. बहुतेकांना होत नाही, पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून तपासणी प्रत्येकाची.

सांधा की गाल? घरी कसं ओळखाल

आधी मोजा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. स्वतःचीच तीन बोटं मावली तर तोंड साधारण पुरेसं उघडतं. दोनच मावत असतील तर तपासून घ्या. एकच मावत असेल तर आजच निघा.

त्रास सांध्याचा किंवा स्नायूंचा असेल तर दुखणं कानापुढे किंवा कानशिलात असतं. चावताना वाढतं, कधी कमी कधी जास्त होतं. कटकट आवाज येतो. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते. विशी ते चाळिशीतल्या स्त्रियांमध्ये हे जास्त दिसतं.

गालाचा आजार असेल तर दुखणं फारसं नसतं, तिखटाने आग होते. तोंड महिन्या-महिन्याने थोडं थोडं कमी उघडत जातं. गाल आतून पांढरट, निबर लागतो आणि बोटाला दोरीसारखे पट्टे जाणवतात. गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. आरशासमोर बॅटरी घेऊन महिन्यातून एकदा बघा.

अक्कलदाढेचा पू हेही तोंड न उघडण्याचं नेहमीचं कारण आहे. त्यात बहुधा सूज आणि ताप असतो, आणि त्रास काही दिवसांतच वाढतो.

सांध्याचा त्रास असेल तर

इतिहासाने शिकवलेला नियम असा : जो उपाय परत फिरवता येतो तो आधी करा.

काही आठवडे मऊ जेवा. खिचडी, वरण-भात, कुस्करलेली भाकरी चालेल. ऊस, फुटाणे, कडक बट्टी नको. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं गरम शेक घ्या. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. फोन खांदा आणि मान यांच्यात दाबून बोलू नका. दिवसातून अनेकदा स्वतःला विचारा : माझे दात आता एकमेकांना टेकले आहेत का? ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारूनच घ्या. रक्तदाब, मधुमेह, किडनी किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर त्या मनाने घेऊ नका.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने जुनाट जबडेदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालची हालचाल आणि मनावरचा ताण हाताळायला शिकवणारे उपचार यांना सर्वांत वरचं स्थान आहे. चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया या दुखण्यासाठी करू नये, असं तिथं ठामपणे म्हटलं आहे. कुणी पहिल्याच भेटीत दात घासायला किंवा शस्त्रक्रियेला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

खर्ऱ्यामुळे असेल तर

पहिला उपचार म्हणजे सुपारी, तंबाखू, खर्रा पूर्ण बंद. कमी करणं पुरत नाही. त्यानंतर तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात द्यायची इंजेक्शनं, औषधं, आणि फार आखडलं असेल तर पट्टे सोडवण्याची शस्त्रक्रिया. खरं सांगायचं तर कडक झालेला गाल पूर्वीसारखा मऊ होईल असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण सवय सुटली तर पुढचं आखडणं थांबवता येतं आणि तोंड बऱ्यापैकी उघडू शकतं. सवय सुरू ठेवून केलेली शस्त्रक्रिया वाया जाते. दर काही महिन्यांनी दंतवैद्याकडून तोंड तपासून घेणं कायमचं. अमरावतीचं दंत महाविद्यालय, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय ही ठिकाणं आपल्या आवाक्यातली आहेत.

या वेळी थांबू नका

श्रम केल्यावर जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, सोबत घाम किंवा छातीत दाटल्यासारखं होतं : हे हृदयाचं दुखणं असू शकतं, लगेच ईसीजी काढा. जखमेनंतर जबडा आवळतोय : धनुर्वात. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखतो, कानशील ठणकतं, नजर अंधुक होते : रक्तवाहिनीची सूज असू शकते. आपल्याकडे ती कमी दिसते, पण दृष्टी जाण्याचा धोका असतो. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत भरला नाही : तुकडा काढून तपासून घ्या.

घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल आणि त्याला पाणीपुरी एका घासात खाता येत नसेल, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला तीन बोटं तोंडात घालून दाखवायला सांगा. रागावू नका, नाहीतर तो तोंडच दाखवणार नाही. या वयात सवय सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि गालही अजून फार निबर झालेला नसतो.